मैत्रीतला अपराध: कादंबरीत तो नेमका कुठे ठेवायचा?

मधली_सुट्टी

(रसभंगाचा इशारा: धाग्यात बऱ्याच कादंबऱ्यांचे शेवट उघड होतील.)

जॉन नोल्स यांची 'अ सेपरेट पीस' १९५९ साली आधी लंडनमध्ये निघाली आणि १९६० साली अमेरिकेत. तेरा प्रकरणांची, आटोपशीर. न्यू हॅम्पशरमधली मुलांची निवासी शाळा, १९४२चा उन्हाळा, युद्ध दाराशी आलेलं. जीन आणि फिनी एका खोलीत राहतात. नदीकाठच्या झाडावरून दोघांनी बरोबर उडी मारायची असते. जीनचे गुडघे वाकतात, फांदीला हिसका बसतो, फिनी काठावर आपटतो आणि त्याचा पाय चुराडा होतो. एवढीच घटना. कुमारवयातल्या मैत्रीत अपराध कसा शिरतो हे शिकायचं तर ही कादंबरी सुटी करून बघावी, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

त्या हिसक्यापर्यंत नोल्स कसा पोचतो ते पाहा. दुसऱ्या प्रकरणात त्याच फांदीवर जीनचा तोल जातो आणि फिनी त्याचा हात धरून त्याला वाचवतो. म्हणजे झाडावर पहिलं ऋण चढतं ते जीनवर. तिसऱ्यात दोघं शाळा चुकवून समुद्रावर जातात. रात्री वाळूत पडल्यापडल्या फिनी सरळ सांगून टाकतो की तू माझा सगळ्यात जवळचा मित्र आहेस. जीनला उत्तर द्यायचं असतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. चौथ्या प्रकरणात गणिताचा पेपर बिघडतो आणि जीनच्या डोक्यात पक्कं बसतं की फिनी मुद्दाम आपला अभ्यास बुडवतोय, त्याला आपलं पुढे जाणं बघवत नाही.

आणि मग खरी मेख. फिनी सहज म्हणून जातो की तुला अभ्यास करावा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं, तुला ते आपोआप येतं असं वाटायचं. जीनला त्या क्षणी कळतं की स्पर्धा नव्हतीच. मत्सर एकट्या त्याच्याच मनात होता. फांदीला हिसका बसतो तो यानंतर.

नवख्या हस्तलिखितांत इथेच घोळ होतो. मत्सर, मत्सर, मत्सर आणि लगेच कृत्य अशी सरळ रांग लावली जाते. वाचक मनात म्हणतो, 'वाईट मुलगा होता, वाईट वागला', आणि मोकळा होतो. नोल्सनं मत्सराचं कारण आधी काढून घेतलं आणि मग फांदी हलवली. त्यामुळे जीनला स्वतःपुढेही कारण देता येत नाही. ज्याला शत्रू मानून आपण बरोबरीचे होतो, तो शत्रूच नव्हता, म्हणजे आपण नुसते लहान ठरलो. हे सोसवत नाही म्हणून हात उठतो. माझ्या मते पुस्तकाचं सगळं बळ या क्रमात आहे.

आता प्रश्न. कृत्य चौथ्या प्रकरणात उरकलं. पुढची नऊ प्रकरणं लेखकानं कशावर रेटली? अपराधी वाटणं ही एकच स्थिती आहे, ती तर लगेच शिळी होते.

---

तळटीप

धागा काढलात ते फार चांगलं केलंत. नऊ प्रकरणं कशावर उभी आहेत? कबुलीवर. आणि ती कबुली तीनदा होते, तीन तऱ्हांनी बिघडते.

पहिली पाचव्या प्रकरणात. जीन बॉस्टनला फिनीच्या घरी जातो आणि 'मी पाडलं' असं सांगतो. फिनी मानत नाही, उलट चिडतो. जीनच्या ध्यानात येतं की आपण हे बोलून त्याला दुसऱ्यांदा दुखावतोय. म्हणून शब्द परत घेतो. कबुली दिली पण पोचली नाही.

दुसरी अकराव्या प्रकरणात. ब्रिंकर नावाचा वर्गमित्र रात्री सभागृहात मुलांचा खोटा खटला भरवतो. इथे कबुली जीनच्या हातात राहत नाही. लेपर नावाचा मुलगा त्या दिवशी झाडाखाली होता, त्यानं पाहिलेलं असतं, तो सांगायला लागतो. फिनी उठून निघतो, बाहेरच्या संगमरवरी जिन्यावरून कोसळतो आणि पाय पुन्हा मोडतो.

तिसरी बाराव्यात, शाळेच्या रुग्णालयात. आता फिनीच वाट काढतो: तो कसलासा आंधळा झटका होता ना, माझ्याविषयी मनात काही नव्हतं ना? जीन हो म्हणतो. फिनी विश्वास ठेवतो. त्याच दिवशी हाड बसवताना तो जातो.

बघा, नाकारलेली, हिसकावून घेतलेली आणि स्वीकारलेली. यातली पहिली जर यशस्वी झाली असती तर पुस्तक पाचव्या प्रकरणात संपलं असतं. कबुलीचं दृश्य लिहिताना म्हणूनच 'तो काय बोलला' याच्याइतकंच 'समोरच्यानं ते ऐकून घेतलं का' हे आधी ठरवावं लागतं.

आणखी एक. लेपर नसता तर दुसरा टप्पा शक्यच नव्हता. दोघांत घडलेल्या गोष्टीला तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो सुरुवातीपासून आसपास, दुर्लक्षित असावा लागतो. गोगलगाई आणि बीव्हरची धरणं बघत हिंडणारा हा मुलगा वाचकाला गमतीचं पात्र वाटतो. पुढे तो सैन्यात जातो, तिथे मन ढासळून परत येतो, आणि दहाव्या प्रकरणात जीनला तोंडावर सांगतो की तूच पाडलंस. त्यावर जीन काय करतो? त्याच्या खुर्चीला लाथ मारून त्याला पाडतो. तीच कृती, दुसऱ्यांदा. अपराधी वाटत असलेला मुलगा सुधारलेला असतोच असं नाही, हे नोल्स एका लाथेत सांगतो.

---

रानजाई

तळटीप यांचं विवेचन पटलं, पण एक पुरवणी जोडते. फिनीला काही माहीत नाही म्हणून कबुलीचा प्रश्न येतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सगळं ठाऊक असेल आणि तो चकार शब्द काढत नसेल तर?

खालेद हुसैनी यांची 'द काइट रनर' (२००३) तशी आहे. काबूल, १९७५चा हिवाळा. अमीर बारा वर्षांचा. घरच्या नोकराचा मुलगा हसन त्याच्यासाठी कापलेला पतंग आणायला धावतो, गल्लीत त्याच्यावर अत्याचार होतो, अमीर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघतो आणि पळून जातो. हसनला हे कळलेलं असतं. तो तरीही सकाळी नाश्ता मांडून ठेवतो, कपडे इस्त्री करून ठेवतो.

अमीरला हवी असते शिक्षा. टेकडीवर तो हसनला डाळिंबं फेकून मारतो आणि ओरडतो, मारून दाखव मला. हसन एक डाळिंब उचलतो, स्वतःच्या कपाळावर फोडतो आणि विचारतो, बरं वाटलं का आता? अख्ख्या पुस्तकात मला हे दृश्य सर्वांत थोर वाटतं. मार मिळाला असता तर हिशेब फिटला असता. तो मिळत नाही.

मग दुसरा गुन्हा येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि थोडे पैसे अमीर हसनच्या गादीखाली ठेवतो. पहिल्या वेळी तो भ्यायला होता, काही केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी शांत डोक्यानं करतो, कारण ज्याच्याकडे बघवत नाही तो घरातून जायला हवा. हसन विचारल्यावर 'हो, मी चोरलं' म्हणतो.

कारागिरी अशी की हे बीज तिसऱ्या प्रकरणातच पेरलेलं असतं. अमीरचे बाबा सांगतात की जगात पाप एकच, चोरी, बाकी सगळी तिचीच रूपं. वाचकाला वाटतं हसन आता संपला. आणि बाबा म्हणतात, मी तुला माफ करतो. अमीरचा डाव उलटतो, पण हसनचे वडील अली राहायला तयार नसतात.

ज्यांना असं काही रचायचंय त्यांनी हे ध्यानात घ्यावं: न केलेल्या गोष्टीचा अपराध कथेत फार वेळ तग धरत नाही. त्याच्या पोटी एखादं केलेलं कृत्य जन्मावं लागतं.

---

दगडफूल

रानजाई, किंचित असहमत. पहिला अर्धा भाग तुम्ही म्हणता तसा आहेच. पण हसन जरा जास्तच निर्मळ आहे. फिनी निर्मळ असूनही त्याला स्वतःचा हट्ट आहे: नियम मोडतो, युद्ध खोटं आहे असं मानायला सगळ्यांना लावतो, मोडक्या पायानिशी जीनला १९४४च्या ऑलिंपिकसाठी पळायला लावतो. तो जीनला वापरतोही. त्यामुळे तो माणूस वाटतो. हसनला अमीरकडून स्वतःसाठी काय हवंय हे पुस्तक फारसं सांगत नाही. ज्याच्यावर अन्याय व्हायचा आहे त्या मित्राला निदान एक खोड आणि एक स्वतःची हाव द्यावी, नाहीतर तो देव्हाऱ्यातली मूर्ती होतो.

उत्तरार्धातली परतफेडही मला फार जुळवलेली वाटते. तोच अत्याचारी, तीच गलोल, तोच पतंग. हिशेब इतका चोख लागला की सल उरत नाही.

दुसरा मुद्दा निवेदकाच्या वयाचा. अपराध सांगणारा किती वर्षांनी बोलतोय यावर जवळजवळ सगळं ठरतं. जीन पंधरा वर्षांनी शाळेत परततो. अमीर सव्वीस वर्षांनी. एल. पी. हार्टली यांच्या 'द गो-बिटवीन'मध्ये (१९५३) लिओ पन्नासहून जास्त वर्षांनी जुनी डायरी उघडतो, उन्हाळा १९००चा. आणि मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनला, म्हणजे हकला, जवळपास काहीच अंतर नाही, परवाची गोष्ट सांगावी तसा तो सांगतो.

अंतर जितकं मोठं तितकी समज जास्त, पण घटना थंड पडते. हे भरून काढायला हार्टली शरीराचा आधार घेतो: रोजचं तापमान. लिओ दररोज उष्णतामापक बघायला जातो, पारा चढत राहतो, आणि वाचक १९०० साली जाऊन बसतो. नोल्सनं पहिल्याच प्रकरणात दोन जागा दाखवून ठेवल्यात: संगमरवरी जिना आणि झाड. जीन म्हातारा नाही, पण झाड त्याला आठवणीतल्यापेक्षा लहान दिसतं. दोन्ही जागा म्हणजे पुढच्या दोन्ही पडण्यांची ठिकाणं, आणि पहिल्या वाचनात ते कळत नाही.

मोठ्या निवेदकाचं एक व्यसन टाळावं: 'पुढे काय होणार हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं'. एका पुस्तकात एकदा चालतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आलं की वाचकाला खांद्यावर कुणी टकटक करतंय असं वाटतं.

हकचं उलटं. त्याला उमज नाही, म्हणून लेखकाला मोजमाप द्यावं लागतं. पंधराव्या प्रकरणात धुक्यात हरवल्यावर हक सोबतच्या पळालेल्या गुलामाची, जिमची, खोटं सांगून थट्टा करतो. जिमला कळतं, तो दुखावून निघून जातो. हक सांगतो की गुलामापुढे मान तुकवायला मनाची तयारी करण्यात पंधरा मिनिटं गेली. पश्चात्ताप, वंशभेद, प्रेम असला एकही मोठा शब्द नाही. पंधरा मिनिटं, बस्स. मुलाच्या तोंडी अपराध लिहिण्याचा याहून नेमका नमुना मला सापडलेला नाही.

---

रानजाई

@दगडफूल, उत्तरार्धाबद्दल तुमचं बरंचसं मान्य. पण शेवटाला हिशेब लागत नाही हो. अमीर परततो तेव्हा हसन मेलेला आहे. माफी कुणाजवळ मागणार? त्याच्या मुलाला, सोहराबला, आणलं तर तो वर्षभराच्या आसपास बोलतच नाही. शेवटी पतंग उडवताना ओठाच्या एका कोपऱ्यात हसू येतं, तेही क्षणभर. एवढीच वसुली. हसन मूर्ती होतो हे मात्र खरं, तिथे माझ्याजवळ उत्तर नाही.

---

ओसरी

वाचनाचा वेगळा पदर. 'खरा दोष किती' आणि 'वाटणारा दोष किती' या दोन रेघा वेगवेगळ्या काढून बघाव्यात.

'द गो-बिटवीन'चा लिओ शाळेत दोन दांडग्या मुलांना डायरीत शाप लिहितो. ती मुलं छपरावरून पडतात. आपल्या शब्दात शक्ती आहे असं त्याला वाटू लागतं. पुढे सुट्टीत मित्राच्या घरी, ब्रँडम हॉलवर, तो मित्राची बहीण मॅरियन आणि शेतकरी टेड यांच्यात चिठ्ठ्या पोचवतो, आणि हे थांबावं म्हणून विषारी झुडपाचा तोडगाही करतो. टेड स्वतःला गोळी घालतो. लिओचा खरा दोष चमचाभर. वाटणारा घागरभर. मुलांचं असंच असतं, मनात आलं म्हणून घडलं असं त्यांना वाटतं, आणि मोठं होणं म्हणजे ही दोन मापं एका पातळीला आणणं. लिओला ते आयुष्यभर जमत नाही.

इयन मॅक्युअन यांच्या 'अटोन्मेंट'मध्ये (२००१) उलटं. १९३५ साली तेरा वर्षांची ब्रायनी बहिणीच्या प्रियकराविरुद्ध खोटी साक्ष देते, खरा दोष प्रचंड, आणि त्या रात्री तिला वाटणारा दोष जवळजवळ शून्य. उलट आपण कर्तव्य केलं असं वाटतं. दुसरी रेघ नंतर वर चढत जाते, तोवर ज्यांची माफी मागायची ते दोघंही १९४०मध्ये गेलेले असतात.

लिहिण्याआधी प्रत्येक प्रकरणापुढे या दोन रेघांची उंची कागदावर मांडावी. दोन्ही सारख्याच उंचीवर चाललेल्या दिसल्या तर तणाव मरणार हे नक्की.

वैद्यकीय शंका कुणाच्या मनात येईल म्हणून: फिनीच्या मृत्यूचं कारण पुस्तकात असं दिलंय की हाडातली मज्जा रक्तात शिरून हृदयापर्यंत पोचली. मांडीचं वा पायाचं लांब हाड मोडल्यावर मज्जेतली चरबी रक्तप्रवाहात जाणं हा ओळखीचा धोका आहे. लक्षणं बहुधा एक ते तीन दिवसांत दिसतात, हाड हलवताना अचानकही कोसळू शकतं. लेखकाला याचा फायदा असा की हा मृत्यू ना धड जीनमुळे, ना धड डॉक्टरमुळे. कुणीच पूर्ण दोषी ठरत नाही आणि जीन सुटतही नाही.

---

तळटीप

वस्तूंबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (साप्ताहिकातून डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१) घ्या. पिप कैद्याला कानस आणि खाणं चोरून देतो. कैदी बेडी कापतो. पुढे बहिणीवर हल्ला होतो तो कापलेल्या बेडीनं. पिपच्या मनात पक्कं की हत्यार मी पुरवलं. अपराध इथे 'वाटत' नाही, जमिनीवर पडलेला सापडतो.

आणि पिपचा मेहुणा, जो गार्जरी. तो लंडनला भेटायला येतो तेव्हा पिपला त्याची लाज वाटते. टोपी सारखी शेकोटीवरच्या फळीवरून पडते, जो तिला झेलत राहतो. डिकन्सनं अपमान शब्दांत केला नाही, टोपीवर सोपवला. कितीतरी प्रकरणांनी पिप आजारी पडतो, कर्जापायी अटक व्हायची वेळ येते, जो येऊन शुश्रूषा करतो, एका पहाटे न सांगता निघून जातो. मागे चिठ्ठी आणि पावती: १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्स भरले. सहा पेन्सपर्यंतचा आकडा दिलाय म्हणून ते ऋण खरं वाटतं. 'त्यानं माझं सारं कर्ज फेडलं' एवढंच लिहिलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं नसतं.

---

दगडफूल

मराठीचं काय? 'शाळा' (मिलिंद बोकील, २००४) सगळ्यांनी वाचलेली असेल. नववीचं वर्ष, आणीबाणी, मुकुंद आणि त्याची चौघांची टोळी. मैत्री तिथे अस्सल आहे, पण टोळीत दोष वाटला जातो. 'आम्ही केलं' म्हटलं की टोचणी एक चतुर्थांश. एकट्याच्या अपराधाला दोघंच लागतात. 'कोसला'त (१९६३) पंचविशीचा पांडुरंग बोलतो, आणि सर्वांत खोल जखम धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची आहे. माझ्या वाचनात तरी आपल्याकडचा मोठा सल बहुधा घरातल्या माणसाचा असतो, मित्राचा क्वचित. ती जागा मोकळी आहे, कुणीतरी लिहायला हवं.

---

ओसरी

लिहायला हवंच. आणि त्यासाठी 'अपराधभाव' हा शब्द आधी बाजूला ठेवावा. तो समीक्षेचा शब्द आहे, बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडात तो बसत नाही. मराठीत या एका भावनेचे किती तरी तुकडे आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी:

चुटपुट, हे थोडक्यात हुकल्याचं. समुद्रकाठी उत्तर न देणाऱ्या जीनची ती चुटपुट. रुखरुख, करायचं राहून गेल्याचं, रेंगाळणारं. टोचणी, केलेल्या कृत्याची. ओशाळणं चारचौघांत होतं, तिथे बघणारा लागतो. खजील होणं त्याच्याजवळचं, पण आपली चूक उघडी पडल्यावरचं. मन खाणं रात्री, एकट्यानं. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानाची, तीत स्वतःचा दोष असेलच असं नाही, म्हणून खोटारडं पात्र टोचणीच्या जागी हळहळ दाखवतं. आणि सल, वर्षानुवर्षं आत रुतून बसलेला. पन्नाशी ओलांडलेल्या लिओला सल आहे, हकला सल असूच शकत नाही.

एकाच पात्राचा प्रवास चुटपुट, टोचणी, सल असा झाला तर वय वाढलेलं शब्दांतूनच कळतं, 'तो आता मोठा झाला होता' असं लिहावं लागत नाही.

मुलांच्या जगाचा कायदाही वापरावा: कट्टी, बट्टी, आईशप्पथ, शप्पथ सुटली, चुगलखोर. कट्टीला मुदत असते, बट्टीला करंगळी लागते. ज्या अपराधाला या कायद्यात कलमच नाही, तिथे बालपण संपतं.

---

मधली_सुट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरींचं शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

वाचनगटात 'अ सेपरेट पीस' घ्यायची असेल तर चार बैठका पुरतात, असं सुचवतो. पहिली प्रकरणं १ ते ४: फक्त क्रम तपासा, मत्सर कधी संपतो आणि फांदी कधी हलते. दुसरी ५ ते ७: नाकारलेली कबुली, पाचव्याच्या सुरुवातीला जीन फिनीचा गुलाबी शर्ट अंगात घालून आरशासमोर उभा राहतो ते सोडू नका. तिसरी ८ ते १०: ऑलिंपिकचा सराव, लेपर, खुर्ची. चौथी ११ ते १३. दहावं आणि अकरावं प्रकरण एकाच बैठकीत घेऊ नये, लेपरचं ढासळणं खटल्याच्या गोंगाटात बुडून जातं.

तेराव्याकडे बरेच जण घाईनं बघतात, कारण फिनी बाराव्यातच गेलेला असतो. तिथे शाळेच्या आवारात सैन्याची तुकडी येते, पॅराशूटं शिवायची यंत्रं उतरवली जातात, मुलं खिडकीतून बघत राहतात. जीन फिनीच्या अंत्यविधीला रडलेला नाही, कारण तो आपलाच अंत्यविधी वाटत होता. गटात विचारायला हा प्रश्न ठेवा: तो रडला असता तर वाचकानं त्याला माफ केलं असतं का?

---

रानजाई

माझ्या मते केलं असतं, आणि लगेच विसरलंही असतं. पहिल्या बैठकीसाठी चौथं प्रकरण मोठ्यानं वाचावं, 'तुला ते आपोआप येतं असं वाटायचं' या वाक्यावर थांबावं आणि पुढचं पान उलटण्याआधी प्रत्येकाला जीन काय करेल ते कागदावर लिहायला सांगावं.